दहा म्हणजे दहा

बसने ब्रेक लावला तेव्हा तिचा उजवा हात वरच्या दांडीला होता. बाकी सगळं शरीर पुढे गेलं आणि हात मागे राहिला. झालं ते एवढंच. कुणी पडलं नाही, काच फुटली नाही, आडव्या आलेल्या सायकलवाल्याला ड्रायव्हरने दोन शिव्या हासडल्या आणि बस पुन्हा चालू लागली. ती मात्र दांडी सोडून खाली बसली, चक्क शंभर चपलांनी मळलेल्या पत्र्यावर. पहिल्यांदा जाणवलं ते दुखणं नव्हतं. आपलंच घर, आपलीच खोली, पण कुणीतरी कपाट उचलून दुसऱ्या भिंतीला लावलंय, असं काहीतरी. डाव्या हाताने तिने चाचपून पाहिलं. खांद्याची गोलाई गेली होती. तिथे एक खळगा होता, आणि गोलाई खाली सरकून काखेच्या पुढे आलेली. शेजारच्या सीटवरच्या बाई वाकून म्हणाल्या, "चक्कर आली का हो?" ती म्हणाली, "नाही, खांदा निखळलाय," आणि तिला हसूच फुटलं. बारा वर्षं ती रोज सकाळी साठ मीटर उंचीची उभी लोखंडी शिडी चढून टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसत होती. वारा, धुकं, तेलकट पायऱ्या, एकदा तर शिडीवर बसलेली चिडकी घार. कशाकशाने तिचं काही बिघडलं नव्हतं. आणि आता जमिनीपासून दीड हातावर, तिकीट मुठीत धरून. मग दुखणं आलं आणि हसू थांबलं.

दवाखान्यात दोघांनी मिळून हात जागेवर बसवला. फोटो काढले, हाड शाबूत होतं, आतल्या स्नायूंना ताण होता पण तुटलं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे झोळी, मग फिजिओथेरपी. तिने विचारलं, "आणि शिडी?" डॉक्टर कागदावर लिहीत म्हणाले, "शिडीचं नंतर बघू." तो 'बघू' तिच्या कानात अडकून बसला, कारण तो तिने याआधी ऐकला होता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाबा उंच इमारतींना बाहेरून रंग देणारे रंगारी. परांचीवरून पडले, उजव्या दंडाचं हाड मोडलं, आणि प्लास्टर काढल्यावर डॉक्टर म्हणाले होते, परांचीचं नंतर बघू. ते नंतर कधी आलंच नाही. बाबांचा हात छातीच्या वर जायचा बंद झाला आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते आजतागायत. बत्तीस वर्षं. आई होती तोवर तीच त्यांच्या शर्टाची बाही चढवायची. आई गेल्यावर ते काम तिच्या नवऱ्याकडे आलं. बाही चढवताना बाबा भिंतीकडे बघतात. झोळी गळ्यात अडकवून ती घरी आली तेव्हा बाबांनी झोळीकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली. घरात अजून एक खुर्ची मावेल, असं तिला उगीचच वाटून गेलं.

पण ती हातपाय गाळणाऱ्यांतली नव्हती. बाबांचा हात गेला तो त्यांनी पुरेसा जोर लावला नाही म्हणून, अशी तिची लहानपणापासूनची समजूत होती, कधी बोलून न दाखवलेली. आपण जोर लावू. एरवी कामावरून सुटल्यावर आठवड्यातून चार दिवस ती व्यायामशाळेत जायची. तिथल्या आरशासमोरच्या पुरुषांना सवय होईपर्यंत एक वर्ष गेलं, मग ते स्वतःच तिच्यासाठी बाक रिकामा करून द्यायला लागले. अंग थरथरेपर्यंत वजन उचलायचं, त्यानंतर आणखी दोनदा उचलायचं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडल्या की काल काहीतरी कमावलं असं समजायचं. तिला तेवढंच माहीत होतं, आणि ते पुरत आलं होतं.

फिजिओथेरपीचा विभाग दवाखान्याच्या तळघरात होता. छताला लागून असलेल्या अरुंद खिडक्यांतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. एका भिंतीला लाकडी आडव्या दांड्या, खुंट्यांवर रंगीत रबरी पट्टे, कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा आणि त्याच्या डोक्यावर कुणाची तरी विसरलेली लोकरीची टोपी. फिजिओबाई म्हणजे तिशीही न गाठलेली, सर्दीने नाक लाल झालेली, चणीने एवढीशी पोरगी. ती म्हणाली, "ताई, टेबलाला डावा हात टेका, वाका, आणि उजवा हात नुसता लोंबकळू द्या. आता अंग हलवून हाताला हळूच गोल फिरू द्या. हाताने फिरवायचं नाही. त्याला फिरू द्यायचं." तिने फिरू दिलं. लहान ताटलीएवढे गोल. दहा झाले. "आता?" "आता उलट्या दिशेने दहा. मग टेबलावर टॉवेल ठेवून तो पुढे सरकवायचा. दहा." "आणि?" "आणि आज घरी जायचं." ती सरळ उभी राहिली. "मॅडम, व्यायाम कधी सुरू करायचा?" फिजिओबाईने शिंक आवरली. "सुरू झाला की, ताई."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला गोल काढून दाखवले. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, गंभीर चेहऱ्याने पाहून म्हणाला, "पृथ्वीसुद्धा एवढंच करते, अन् तिचं बरं चाललंय." ती चिडली. दहाचे तीस केले, दिवसातून तीनदाचे सहादा. टेबल पुसल्यासारखा टॉवेल सरकवायचा, तर तो तिने असा सरकवला की टेबलावरचं वार्निश निघावं. चार दिवसांनी फिजिओबाईने तिच्या पाठीमागे उभं राहून खांद्यावर बोटं ठेवली आणि विचारलं, "किती केले?" "दहा." बोटं तिथेच राहिली. ती म्हणाली, "तीस." "का?" "जमले म्हणून." फिजिओबाईने तिला आरशासमोर नेलं. "हात पुढे उचला. कान बघा. खांदा कानाकडे चाललाय ना? हात उचलायचं काम इथल्या लहान स्नायूंचं आहे, आत, खोबणीभोवती, चार आहेत. ते घाबरलेत. आणि मानेचे, पाठीचे हे मोठे, व्यायामशाळेत पोसलेले, ते म्हणतात, सरका तुम्ही, आम्ही करतो. दहापर्यंत लहान करतात. अकराव्याला ते दमतात आणि मोठे घुसतात. म्हणजे पुढचे वीस तुम्ही मोठ्यांना शिकवताय, की या लहानांचं ऐकायचं नाही." तिने आरशात पाहिलं. उजवा खांदा खरंच कानाशी गुजगोष्टी करत होता. "तिथे दमायला जायचं असतं," फिजिओबाई म्हणाली, "इथे दमायच्या आधी थांबायला यायचं. दहा म्हणजे दहा, ताई."

ते तिला पटलं आणि पटलं नाही. बसमधून घरी येताना, आता ती उभी राहत नव्हती, खिडकीची जागा मिळेपर्यंत बस सोडायची, तिला वाटलं हे त्या सर्दीवाल्या मुलीला बोलायला ठीक आहे. तिला थोडंच शिडीवर जायचंय. व्यायामशाळेत निदान कळतं, काल इतकं उचललं, आज याहून जास्त. इथे मोजायचं काय? ताटलीएवढे गोल पातेलीएवढे झाले, हे कुणाला सांगायचं? सकाळी नवरा तिची वेणी घालायचा. नकाशाची गुंडाळी बांधावी तशी घट्ट, एका बाजूला कललेली, आणि वर विचारायचा, "उत्तर कुठे आलं?" ती हसायची आणि त्याच वेळी खिडकीजवळ बाबा एका हाताने वर्तमानपत्राची घडी घालायचा खटाटोप करत असायचे, कागदाचा तो खुसखुस आवाज. लहानपणी त्याच आवाजाने तिला जाग यायची. तेव्हा बाबा प्लास्टर काढल्यानंतरच्या दिवसांत न्हाणीघरात बादली भरायचे आणि उजव्या हाताने उचलायचे. दाराच्या फटीतून तिने पाहिलं होतं. दात आवळलेले, मानेच्या शिरा ताठ, आणि पाणी बादलीच्या काठावर थरथरत. "दुखतंय म्हणजे लागू पडतंय," ते तिला म्हणाले होते, ओला हात तिच्या गालाला लावून. ते वाक्य तिने आयुष्यभर वापरलं. वजनाच्या बाकावर, पहिल्या वर्षीच्या शिडीवर, आईच्या आजारपणात. मग एक दिवस बादली न्हाणीघरात उपडी पडलेली दिसली आणि त्यानंतर बाबांनी ती उचलली नाही. का, ते तिने विचारलं नव्हतं. मुलं असल्या गोष्टी विचारत नाहीत. मनात निकाल देऊन मोकळी होतात.

फिजिओथेरपीच्या पाचव्या आठवड्यात, एका दुपारी, नवरा शाळेत असताना तिने पलंगाखालून आठ किलोचं डंबेल ओढून काढलं. झोळी सुटली होती, हात खांद्याएवढा वर जात होता, दुखणं जवळपास नव्हतं. दुखत नाही याचाच तिला राग येत होता. दुखल्याशिवाय लागू कसं पडणार? तिने पाय रोवले, श्वास घेतला आणि डंबेल बाजूला उचललं. अर्ध्यावर, आत कुठेतरी, ओला दोर खुंटीवरून सरकावा तसं काहीतरी सरकलं. बाहेर आलं नाही. नुसतं जायच्या विचारात दारापर्यंत गेलं आणि परतलं. पण सगळा हात थंडगार पडला, डंबेल फरशीवर आदळलं, आणि ती पलंगाच्या कडेला टेकली. दोन्ही डोळ्यांतून पाणी, तोंड कोरडं. बघते तर दारात बाबा.

ते किती वेळ उभे होते कोण जाणे. आत आले, पायाने डंबेल पलंगाखाली ढकललं, आणि अगदी हळू म्हणाले, "सांगू नकोस कुणाला. मीपण नव्हतं सांगितलं."

"काय नव्हतं सांगितलं?"

"बादली." ते तिच्या शेजारी बसले. बत्तीस वर्षांत ते असे तिच्या पलंगावर बसले नव्हते. "त्यांनी सांगितलं होतं, सहा आठवडे काही उचलायचं नाही, नुसता हात भिंतीवर बोटाबोटाने वर चालवायचा. मुंगीसारखा. मला लाज वाटायची. परांचीवरची सोबतीची माणसं खाली येऊन हाका मारत होती, लवकर ये रे, काम अडलंय. मी बादली उचलली. चौथ्या आठवड्यात आत कट्कन वाजलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायची तारीख होती. मी गेलो नाही."

"का नाही गेलात?"

"काय सांगणार? की मी ऐकलं नाही? तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. मग सगळे म्हणायला लागले, नशीब. मीपण नशीबच म्हटलं." ते डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरून बसले होते, एखादी वस्तू सांभाळावी तसं. "तुला वाटत असेल मी कमी पडलो. कमी नाही पडलो गं. जास्त केलं."

लहानपणी दिलेला निकाल तिच्या आत कुठेतरी सुटा झाला आणि घरंगळत गेला, आणि त्या जागी या माणसाबद्दल एवढं काही एकदम दाटून आलं की तिला धड रडताही येईना. बादली आठवत होती. काठावर थरथरणारं पाणी. तेव्हा त्यांचं वय तिच्या आताच्या वयाहून चार वर्षांनी कमी होतं. मग तिने डाव्या हाताने डोळे पुसले, उठली, आणि म्हणाली, "बाबा, चप्पल घाला. रिक्षाने जाऊ." "कुठे?" "सांगायला."

तळघरात फिजिओबाई कुणा म्हाताऱ्याचा गुडघा वाकवत होती. ती सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मी आठ किलो उचललं. सरकल्यासारखं झालं." तिला वाटलं आता ओरडेल. त्यावर द्यायला तिचं स्वतःचं उत्तर तयार होतं, की मॅडम, तुम्हाला काय कळणार. पण फिजिओबाईने म्हाताऱ्याला थांबायला सांगितलं, तिला खुर्चीत बसवलं, हात सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला, कुठे दुखतं, बधिर वाटतं का, बोटं मिटतात का. डॉक्टरांना फोन केला. वरच्या मजल्यावर पुन्हा फोटो. मग वहीत तारीख घालून दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "नशीब नाही हं, शहाणपणा. लगेच आलात म्हणून निभावलं. सूज आहे, फाटलेलं नाही. दुसऱ्या आठवड्यावर परत जायचं." "म्हणजे गोल?" "गोल." कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाबा सगळं ऐकत होते, आणि 'लगेच आलात' या शब्दांवर त्यांची मान खाली गेलेली तिने पाहिली.

पुन्हा गोल काढायला लागण्यासारखी नामुष्की दुसरी नव्हती. क्रेनचं बेचाळीस टन लोखंड बोटाच्या इशाऱ्याने फिरवणारी बाई, टेबलावर वाकून, हात लोंबकळवत, दहा. पण या वेळी ती दहावर थांबली. आणि थांबल्यावर जी रिकामी जागा उरायची, अकरावा न करण्याची, तिच्यात तिला पहिल्यांदा खांदा ऐकू यायला लागला. आधी तो तिच्या लेखी नुसताच खांदा होता, हात जिथे अडकवलेला असतो ती जागा. आता त्याच्यात माणसं राहायला आली. फऱ्याच्या हाडाखालचा एक चिवट, मुका. पुढचा एक सतत कुरकुरणारा. वरचा भित्रा. टॉवेल भिंतीवर वर सरकवताना कुठल्या इंचाला कोण कामाला लागतो, कोण अंग चोरतो, हे तिला कळायला लागलं. केबिनमध्ये पहिल्या वर्षी असंच झालं होतं. आधी नुसते दांडे आणि बटणं; मग एके दिवशी दोराचा आवाज ऐकूनच कळलं की ओझं किंचित डावीकडे झुकतंय. ते कळायला तेव्हाही जोर उपयोगी पडला नव्हता.

सातव्या आठवड्यात पिवळा रबरी पट्टा आला, दाराच्या मुठीला बांधून कोपर कमरेशी ठेवून बाहेर ओढायचा. व्यायामशाळेत ज्याला कुणी हातही लावला नसता असला मऊ पट्टा, आणि आठव्या ओढीला तिच्या कपाळावर घाम. नवव्या आठवड्यात लाल. दहाव्यात भिंतीवर चेंडू दाबून धरायचा आणि हाताने अक्षरं लिहायची. तिने नवऱ्याचं नाव लिहिलं, मग एक शिवी, मग पुन्हा नाव. बाराव्या आठवड्यात एका सकाळी नवरा कंगवा घेऊन आला तेव्हा ती आरशासमोर उभी होती, दोन्ही हात डोक्यामागे, आणि तीन पेडांची वेणी खाली उतरत चालली होती. तो दारातच थांबला. वेणी पूर्ण झाली, रबर लागलं. तो म्हणाला, "म्हणजे माझी नोकरी गेली." तिने वळून त्याला असं घट्ट धरलं की त्याचा चष्मा वाकडा झाला. दोन्ही हातांनी धरलं.

पण एक जागा उरली होती. हात वर आणि बाजूला, तळवा पुढे, बसच्या दांडीची जागा. शिडीवर प्रत्येक पायरीला हात तिथेच जातो. तिथे गेला की आतलं सगळं एकदम आवळून यायचं, दुखायचं काही नाही, पण अंग म्हणायचं, नको. ताकद होती. पट्टे आता निळे झाले होते, फिजिओबाईच्या वहीत उजव्याचे आकडे डाव्याला लागले होते. तरी नको. "हे स्नायूंचं नाही," फिजिओबाई म्हणाली, "हे आठवणीचं आहे. इथे पट्टा उपयोगाचा नाही." तिने तिला त्या जागेच्या थोडं अलीकडे हात धरायला लावला, डोळे मिटायला सांगितले, आणि दोन बोटांनी तिच्या मनगटाला टिचक्या द्यायला लागली. इकडून, तिकडून, खालून, कधी येईल ते न सांगता. "मी ढकलते. तुम्ही हलायचं नाही. जिंकायचं नाही, परत ढकलायचं नाही, नुसतं तिथे राहायचं." मिटलेल्या डोळ्यांआड बस होती. शरीर पुढे, हात मागे. टिचकी. हात तिथेच. बस. टिचकी. हात तिथेच. दर दिवशी त्या जागेच्या दिशेने बोटभर पुढे. तीन आठवडे. एका दुपारी तिने डोळे उघडले तर हात वर, बाजूला, तळवा पुढे, अगदी तिथे होता, फिजिओबाई जोरजोरात टिचक्या देत होती, आणि खांदा एखाद्या निवांत जनावरासारखा जागच्या जागी उभा होता. "कधीपासून इथे आहे?" तिने विचारलं. "दहा मिनिटं झाली," फिजिओबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या सर्दीच्या आवाजात हसू फुटलं. "बसू द्या की मला आता. माझा हात भरून आला."

मग शिडी तुकड्यातुकड्याने आली. भिंतीवरच्या लाकडी दांड्या, आधी जमिनीवर पाय ठेवून नुसतं धरणं, मग चार पायऱ्या, मग कमरेला पट्टा आणि खिशात अवजारं घालून. फिजिओबाईने तिला विचारून विचारून सगळं लिहून घेतलं होतं. किती पायऱ्या, किती अंतर, मधे दम खायला केलेले थांबायचे कठडे किती, हातमोजे कसले, उतरताना कुठला हात आधी. "तुमचा खांदा मला कुस्तीसाठी नकोय," ती म्हणायची, "शिडीसाठी हवाय." बाबा प्रत्येक वेळी बरोबर यायचे, कोपऱ्यात सांगाड्याशेजारी बसायचे. एक दिवस, तिचं झाल्यावर, त्यांनी घसा खाकरला. "माझं काय होईल?" फिजिओबाईने त्यांचा हात पाहिला, बराच वेळ, आणि खोटं बोलली नाही. "आजोबा, वर नाही जायचा आता. पण कोपर आणि मनगट मोकळं होईल. पाठीमागून थोडा फिरेल. पूर्ण मोकळं व्हायला चार महिने लागतील, थोडा फरक आधीच दिसेल." "कितीदा करायचं?" "दहा." बाबांनी मान हलवली. भिंतीशी गेले, आणि त्यांची रंगाने कधीकाळी फाटलेली बोटं भिंतीवर चालायला लागली. मुंगीसारखी. छातीच्या उंचीला थांबली. खाली आली. पुन्हा. ती बूट बांधत होती. नाडी धरून तशीच बसून राहिली.

पाचव्या महिन्यात साईटवरच्या इंजिनिअरने ती चढू शकते असा दवाखान्याचा कागद वाचला, फिजिओबाईची सही बघितली आणि म्हणाला, पहिल्या दिवशी फक्त पहिल्या कठड्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या, सुरक्षेचा दोर लावून, आणि मधे कधीही नको वाटलं तर उतरायचं. पूर्वीची ती असती तर म्हणाली असती, बारा वर्षं चढतेय. आताची म्हणाली, "ठीक." पहिल्या कठड्यावरून उतरली तेव्हा खालचे काहीजण तोंडं बघत होते. खालून वॉकीटॉकीवर तिला ओझं दाखवणारा सिग्नलवाला, प्रत्येक शब्द दोनदा बोलतो म्हणून सगळे त्याला पोपट म्हणतात, तो जवळ येऊन म्हणाला, "एवढंच? एवढंच?" "आज एवढंच," ती म्हणाली, आणि त्या 'आज' वर जोर द्यायचीही गरज तिला वाटली नाही.

पूर्ण चढायच्या दिवशी सकाळी ती तयार होत असताना बाबा आपल्या खोलीत नेहमीपेक्षा जास्त वेळ होते. नवरा बाही चढवायला गेला आणि तसाच बाहेर आला, ओठांवर बोट ठेवून. मग बाबा आले. निळा शर्ट, दोन्ही बाह्या आत, वरचं एक बटण चुकलेलं. कुणाकडे न बघता खुर्चीत बसले, वर्तमानपत्र उघडलं आणि म्हणाले, "बस चुकेल तुझी."

खाली वारा नव्हता. तिने हातमोजे चढवले, दोर अडकवला, आणि उजवा हात वर गेला. पहिली पायरी. लोखंड थंड. दुसरी. ती खांद्याला काही सांगत नव्हती, तोच तिला सांगत होता. मुका, कुरकुरणारा, भित्रा, सगळे आपापल्या वेळेला हजर. पहिल्या कठड्यावर ती थांबली, थांबायची गरज नसताना. दुसऱ्यावर थांबली. चौथ्याच्या वर वारा लागला, शिडी नेहमीसारखी किंचित गुणगुणायला लागली, आणि अंगावर भीतीचा एक पातळ काटा येऊन गेला. ती हात घट्ट न आवळता तिथेच राहिली. काटा गेला. सहाव्याशी शेजारच्या इमारतीची गच्ची पायाखाली गेली, तिथे एक बाई चादर झटकत होती. सातवा. छातीत भाता चालल्यासारखा श्वास, पाच महिन्यांत पाय जड झाले होते, पाय दुखत होते, चांगले सणसणून दुखत होते, आणि खांदा? खांदा नुसता काम करत होता. आठव्या कठड्याच्या वर शेवटच्या बारा पायऱ्या. झाकण. तिने ते उजव्या हाताने वर ढकललं, डोक्याच्या वर, पूर्ण सरळ हाताने, आणि केबिनच्या तळाचं ते लोखंडी झाकण मागे जाऊन असं काही आपटलं की खाली माणसांनी माना वर केल्या.

सीटवर कुणा दुसऱ्याने गादी ठेवली होती, आरसा भलत्याच कोनात होता. तिने गादी मागे टाकली, आरसा आपल्याला हवा तसा केला. सगळं शहर समोर पसरलं होतं, धुराड्यांसकट, पाण्याच्या टाक्यांसकट, नदीवरचे तिन्ही पूल एका नजरेत. तिने वॉकीटॉकी उचलला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते हसू. मोठं, घशातून, न आवरणारं. ते साईटभरच्या सगळ्या वॉकीटॉक्यांतून एकदम बाहेर पडलं. "काय झालं? काय झालं?" पोपट ओरडला. "अरे, काही नाही. वर आले!" खाली आधी कुणीतरी एकाने पत्र्यावर हातोडा वाजवला, मग दुसऱ्याने, मग सळयांवर, पाइपांवर, डब्यांवर, तळापासून अकराव्या मजल्यापर्यंत नुसता दणदणाट. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग डोळे पुसले, दोन्ही दांड्यांवर हात ठेवले, आणि सळयांचा पहिला भारा जमिनीवरून एवढा अलगद उचलला की त्याच्यावर बसलेली चिमणीसुद्धा उडाली नाही. "डावीकडे, डावीकडे. हळू, हळू," पोपट म्हणत होता. भारा अकराव्या मजल्यावर गेला, जरा झुलला, तिने त्याला झुलू दिलं, थांबू दिलं, आणि खाली टेकवला.

"लागला, लागला," पोपट म्हणाला. "एकदम फुलासारखा. दमलीस का? थांबायचं का?"

तिने खांद्याला विचारलं.

"अजून बरंच आहे," ती म्हणाली. "लाव पुढचा."